कढई न चढलेली दिवाळी

माझ्या सासऱ्यांनी सव्वीस वर्षांत माझ्या एकाही आमटीला बरं म्हटलं नाही, आणि एकही आमटी पानात टाकली नाही. "शलाका, आज डाळ घातलीस की नुसतंच पाणी पिवळं केलंस?" असं विचारत तिसऱ्यांदा वाटी पुढे करणारा हा माणूस. मी साताऱ्याची, माझ्या जिभेलाही धार आहे. "आबा, नावं ठेवायची तर उपाशी पोटी ठेवावीत, म्हणजे शोभतात," असं मी सुनावायची. सासूबाई दारात उभ्या राहून पदराआड हसायच्या आणि माझा नवरा, अनुज, ताटात मान घालून जेवत राहायचे. लग्न होऊन आले तेव्हा पहिली दोन वर्षं मला या बोलण्याचा फार राग यायचा. पुढे कळलं, की आबांना माणूस आवडलं की ते त्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. परक्याच्या घरी ते "फार छान" म्हणायचे आणि अर्धं पान तसंच ठेवून उठायचे.

आबा म्हणजे हिंमतराव शिर्के. त्यांचे पणजोबा गायकवाड सरकारच्या पागेत स्वार होते. पागा गेली, घोडे गेले, स्वाराची भूक तेवढी घराण्यात राहिली. आबा स्वतः प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि तिथून जवळच बैठं घर बांधून राहिले. त्यानंतर त्यांचा एकच उद्योग, खाणं. सकाळी स्कूटर काढून मांडवीला जायचं, सेव-उसळ हाणायची आणि घरी येऊन "आज काही खाल्लंच नाही" म्हणायचं. मिशीला अडकलेली शेव सासूबाई बोटाने दाखवायच्या. रविवारी मागच्या अंगणात ते स्वतः मटण शिजवायचे. आमची गल्ली सगळी शाकाहारी. शेजारच्या ज्योत्स्नाबेन कुंपणावरून विचारायच्या, "हिंमतभाई, आजे कंईक खास बन्युं लागे छे?" आबा डाव हलवत शांतपणे सांगायचे, "रींगणां छे, बेन. डभोईनां." डभोईला आबांचे धाकटे भाऊ श्रीपतराव राहतात, त्यामुळे वांग्यांची थाप खपून जायची. ज्योत्स्नाबेनही काही दुधखुळ्या नव्हत्या, पण शेजारधर्म म्हणजे अर्धं न विचारणंच असतं.

श्रावण सरत आला तेव्हा आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, बोलणं जड झालं. डोकं शाबूत राहिलं, पण गिळण्याची ताकद गेली. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं, की यांचा घास अन्ननळीत जायच्या ऐवजी श्वासनळीत उतरतो, तिथून फुप्फुसात जातो, न्यूमोनिया होतो, आणि या वयात त्यातून माणूस उठेलच असं नाही. म्हणून तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. नाकातून थेट पोटापर्यंत एक नळी घातली गेली आणि आबा घरी आले.

अनुजनी बापाची जी सेवा केली ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. पुढे आमचं जे भांडण झालं ते सांगताना मला त्यांची बाजू पडती दाखवायची नाही. मकरपुऱ्याच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून ते पहाटे उठायचे, डाळ-तांदूळ शिजवून मिक्सरमधून काढायचे, दोनदा गाळायचे आणि सिरिंजने थेंबाथेंबाने नळीत सोडायचे. मोबाइलवर दर वेळचा गजर लावलेला. ओल्या कापसाने आबांचे ओठ पुसताना तोंडाने काहीतरी बोलत राहायचे, कारखान्यातल्या गोष्टी, क्रिकेट, काहीही. आबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. दोनदा त्यांनी डाव्या हाताने नळी उपसून काढली. तेव्हा घरी येणाऱ्या नर्सने त्या हाताला जाड मोजा घालून मनगटाशी बांधायला सांगितला. अनुजनी तो बांधला आणि मागच्या अंगणात जाऊन रडून आले. मी पाहिलं हे त्यांना माहीत नाही.

आणि मग सासूबाईंनी एक कायदा केला. "ह्यांच्या नाकाला वास जाता कामा नये," त्या म्हणाल्या. "ज्याला खाता येत नाही त्याच्यासमोर खाणं म्हणजे पाप आहे." झालं. आमच्या घरातली फोडणी बंद झाली. लसूण बंद, तळण बंद, पापड भाजणंसुद्धा बंद. वरण, भात आणि उकडलेली भाजी, तीही स्वयंपाकघराचं दार लोटून, भांड्याचा आवाज न करता, एकेकाने जेवायची. कोणी भेटायला आलं तर त्याला चहा बाहेरच्या झोपाळ्यावर. आबांचं रविवारचं पातेलं माळ्यावर गेलं. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, स्वतः तर दोन घास खाऊन उठायच्या आणि विचारलं की म्हणायच्या, "मला आताशा भूकच लागत नाही." हे सगळं प्रेमापोटी होतं, त्यात शंका नाही. पण घराचा मठ झाला होता. ज्या घरात बारा महिने खाण्यावरून वाद, तिथे वाद घालायलाही काही उरलं नाही. मला आबांची टोमणेबाजी इतकी आठवायची की एकदा मीच भातात मीठ घालायला विसरले आणि कोणी बोललं नाही म्हणून मला रडू आलं.

नवरात्र गेलं, दिवाळी तोंडावर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाकातली नळी कायमची ठेवता येत नाही, जखमा होतात. त्यापेक्षा पोटाला बारीक छेद देऊन तिथूनच नळी बसवू. छोटं ऑपरेशन आहे. त्यानंतर तोंडाचा प्रश्नच राहणार नाही. अनुजनी भाऊबीजेनंतरचा सोमवार ठरवून टाकला. घरी येऊन आबांना सांगितलं, लहान मुलाला लसीबद्दल सांगावं तसं, आवाज गोड करून. आबांनी डोळे मिटून घेतले.

दिवाळीत अर्थातच फराळ झाला नाही. तळणच बंद, तर चकली कुठली आणि शंकरपाळे कुठले. नागपूरला असलेली आमची लेक, सानवी, फोनवर म्हणाली, "आई, निदान आकाशकंदील तरी लावा." पण तो कोणाला सुचला नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ज्योत्स्नाबेन ताट घेऊन आल्या, वर रुमाल घातलेला, खाली मठिया आणि घुघरे, म्हणजे आपल्या करंज्याच. दारातूनच हळू आवाजात म्हणाल्या, "शलाकाबेन, तमारे कशुं बनाववानी जरूर नथी. हुं मोकलती रहीश." काही बनवायची गरज नाही, मी पाठवत राहीन. माझे डोळे भरून आले. मी ताट घेतलं आणि आबांच्या खोलीवरून स्वयंपाकघराकडे निघाले. दार उघडं होतं. आबा माझ्याकडे बघत होते, ताटाकडे बघत होते.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

शब्द जड होते, पण कळले. मला वाटलं ते ज्योत्स्नाबेनबद्दल विचारतायत. "ज्योत्स्नाबेन आल्या होत्या. गेल्या घरी," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, हे नाही. पुन्हा विचारलं, "कोण गेलं?"

तेवढ्यात अनुज आत आले. आबांनी त्यांनाही तेच विचारलं, आईंनाही तेच. अनुजनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टर म्हणाल्याच होत्या, कधी कधी भ्रम होतो. ऑपरेशन लवकर झालेलं बरं," असं म्हणून त्यांनी कपाळ चोळलं. आबा तिकडे एकेक नाव घेत होते. सानवी? सानवी बरी आहे, आबा. तिचा नवरा? तोही बरा आहे. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "श्रीपत?"

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. श्रीपतकाकांचा आवाज खोलीभर घुमला. "दादा, अरे मला काय धाड भरली आहे, एकदम मजामां. कापूस वेचायला माणसं मिळेनात, एवढंच. भाऊबीज झाली की येतोच तुला भेटायला." आबा डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांच्या छातीतून सुटकेचा एवढा मोठा निःश्वास बाहेर पडला की नाकातली नळी हलली. भावाला त्यांनी "खुश रहा" म्हटलं. फोन बंद झाला.

मग ते माझ्याकडे वळले. "मग कढई का नाही?"

 आपल्याकडे ज्या घरात वर्षभरात कोणी गेलेलं असतं, त्या घरात दिवाळीला कढई चढत नाही. कंदील लागत नाही. शेजारी फराळाचं झाकलेलं ताट आणून देतात आणि दारातच हळू आवाजात बोलतात. सुतकात फोडणीचं करत नाहीत, घरात मोठ्याने बोलत नाहीत. हे सगळं आम्ही दोन महिने करत होतो. तो माणूस अंथरुणावर पडून ऐकत होता, वास घ्यायला बघत होता, आणि एकेक खूण जुळवत होता. भ्रमिष्ट माणसाला एवढं जमत नाही. घरात कोणीतरी मेलं आहे आणि माझ्यापासून लपवतायत, हा त्यांचा हिशोब अगदी बरोबर होता.

आबांनी आमचे तिघांचे चेहरे पाहिले. मग हळूहळू म्हणाले, "म्हणजे मी."

 "असं अभद्र बोलू नका हो," म्हणत आईंनी आबांचे पाय धरले. आबांनी मोजा बांधलेला हात उचलून नळीकडे दाखवला. एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "पोट भरतं. जेवत नाही मी." थांबले, दम घेतला. "पोटात नळी नको. घास द्या."

"आबा, तुम्हाला कळत नाहीये," अनुज म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी अनुजना मागच्या अंगणात घेऊन गेले आणि म्हटलं, "त्यांना कळत नाही? आपल्या तिघांना जे कळलं नाही ते त्यांनी पडल्या पडल्या ओळखलं. कारखान्यात चाळीस माणसं हाताखाली वागवणारा माणूस आहे तो. त्याला काय हवं ते सांगतोय, आणि तुम्ही त्याची समजूत घालताय?"

"मग काय करू? घास भरवू आणि मरताना बघू?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हणतेयस तू. नळी बसवली तर वर्ष मिळेल, दोन मिळतील. मला बाप हवाय, शलाका. कसाही. भिंतीकडे तोंड करून पडला तरी हवाय. मी घरी आलो की त्या खोलीत कोणीतरी असायला हवं." मग ते जे बोलले ते रागाने नाही, अगदी शांतपणे बोलले. "उद्या तुझ्या हातचा घास लागून ते गेले, तर ते तुझ्या हातून झालेलं असेल. तुला चालेल? सांग."

 मला नसतं चाललं. मला काही आबांना मोकळं वगैरे करायचं नव्हतं. मोठ्या मनाची माणसं तसं बोलतात, मी नाही तेवढी मोठी. मलाही ते हवे होते, आणखी दहा वर्षं हवे होते, माझ्या आमटीला शिव्या देत. पण जो माणूस मला हवा होता तो दोन महिन्यांपूर्वीच घरातून नाहीसा झाला होता, आणि आज संध्याकाळी "कढई का नाही" म्हणून विचारताना क्षणभर परत आला होता. एवढंच मी अनुजना सांगितलं. ते नळावर तोंड धुऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली झाडायला गेले तर अनुज बापाच्या उशाशी बसले होते. हाताचा मोजा सोडून बाजूला ठेवला होता. मी दाराशीच थांबले.

"आबा, ठसका लागला, न्यूमोनिया झाला, तर तुम्ही जाल," अनुज म्हणत होते. गोड आवाज नव्हता, साधा होता.

"जाईन," आबा म्हणाले.

"थोडे महिनेच मिळतील कदाचित. त्याहून कमीसुद्धा."

आबांनी मान डोलावली.

"मला नाही चालणार ते."

आबांनी मग डावा हात सरकवून मुलाच्या मनगटावर ठेवला. "माझा बाप गेला," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य जमवायला त्यांना वेळ लागला. "तेव्हा मी पण म्हटलेलं. नाही चालणार." मग वाकडं का होईना, हसले. "चाललं."

अनुज उठून बाहेर आले आणि मला म्हणाले, "चल, डॉक्टरांना विचारून येऊ." 

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं त्या आम्हाला झापतील. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "अनुजभाई, हुं खोटुं नहीं बोलुं." मग आमच्यासाठी हिंदी-गुजराती मिसळून समजावलं. पोटातल्या नळीने दिवस वाढण्याची शक्यता आहे, पण तीही काही अभय नाही, थुंकीसुद्धा फुप्फुसात जाऊ शकते. तोंडाने दिलं तर धोका जास्त, आणि तो केव्हाही समोर येईल. मात्र रोगी शुद्धीवर आहे, समजून नको म्हणतोय, तर त्याचं म्हणणं चालतं. "त्यांना मारण्याचा निर्णय नाहीये हा. कसं जगायचं एवढाच आहे," त्या म्हणाल्या. "आणि पुढे ताप आला, तर किती धावपळ करायची हेही त्यांना आताच विचारून ठेवा." अनुजनी विचारलं, "तुमचे वडील असते तर?" त्या म्हणाल्या, "माझे वडील जेवणावर प्रेम करणारे नव्हते. त्यामुळे माझं उत्तर तुमच्या कामाचं नाही." मला ती बाई त्या क्षणी फार आवडली.

नळी पाडव्याच्या सकाळी काढायची ठरली, तोवर पोटाला तिचाच आधार. दुपारी गिळण्याचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी आली, तिने आम्हाला सगळं दाखवलं. रोगी सरळ बसलेला हवा, पाठीला उशा. पदार्थ दाट आणि मऊ, कण नको, पातळ नको. अर्धा चमचा. हनुवटी छातीकडे. एक घास गिळला की पुन्हा एकदा कोरडंच गिळायचं. ठसका लागला तर घाबरून पाणी पाजायचं नाही, पुढे वाकवून खोकू द्यायचं आणि थांबायचं. अनुज मान खाली घालून ऐकत होते. आबा मात्र माझ्याकडे बघून म्हणाले, "चकली."

"चकली नाही, आबा. श्रीखंड."

त्यांनी असं तोंड केलं की मी दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आईंनी कढई काढली. मी म्हटलं, "आबांना खाता येणार नाही ते, त्यांच्या नाकाला वास जाईल." आई चकलीचं पीठ मळत म्हणाल्या, "जाऊ दे. घर आहे हे." स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. तेल तापलं, पहिली चकली सोडली, आणि तो खमंग वास आबांच्या खोलीत शिरला. मी डोकावून पाहिलं. आबा डोळे मिटून, मान जराशी वर करून श्वास घेत होते. त्यांना वास छळेल ही आमची भीती होती. त्यांच्या तोंडावर छळाचं नावही नव्हतं. थोड्या वेळाने हाक आली, "तेल जास्त तापलंय." आणि खरंच तापलं होतं. रात्री आम्ही तिघांनीही आबांच्या खोलीत बसून जेवण केलं, ताटं मांडीवर घेऊन, भांडी वाजवत.

पाडव्याच्या सकाळी नर्स येऊन नळी काढून गेली. मग अनुजनी बापाची दाढी केली, मिशी कातरली. नाकावर चिकटपट्टीचा लालसर पट्टा राहिला होता, तिथे खोबरेल लावलं. आबांना उशांच्या आधाराने ताठ बसवलं. आईंनी नवं लुगडं नेसून नवऱ्याला ओवाळलं. ओवाळून झाल्यावर तोंड गोड करायचं असतं. चांदीच्या वाटीत केशर घातलेलं श्रीखंड होतं, वस्त्रगाळ, गुळगुळीत. आईंनी चमचा उचलला, पण तो तसाच खाली ठेवून वाटी माझ्याकडे दिली. "तू दे गं. मला धीर होत नाही."

मी अर्धा चमचा घेतला. अनुज खिडकीपाशी उभे होते, हात छातीवर घट्ट बांधून. "आबा, हनुवटी खाली," मी म्हटलं, आणि चमचा त्यांच्या ओठांना लावला.

आबांनी तो घास जिभेवर धरून ठेवला. किती वेळ धरला देव जाणे. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि त्यांच्या कोपऱ्यांतून पाणी वाहत होतं. मग गळ्याची घाटी वर सरकली, खाली आली. आईंनी "विठ्ठला" म्हटलं, आणि त्याच क्षणी आबांना ठसका लागला.

साधा नव्हता. चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा टरारल्या. मी त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर हात ठेवला, आणि शिकवल्याप्रमाणे थांबले. थांबण्याएवढं अवघड मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. अनुज एक पाऊल पुढे आले. खोकला येत राहिला, येत राहिला, आणि मग हळूहळू बसला. आबांनी कोरडंच एकदा गिळलं. श्वास घेतला. पुन्हा घेतला. आवाज घोगरा होता, पण मोकळा होता.

मग त्यांनी उशीला डोकं टेकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तोंड उघडलं.

माझा हात वाटीतच राहिला. चमचा भरलेला होता, पण हात उचलेना. अंगणातलं अनुजचं बोलणं माझ्या कानात वाजत होतं, आणि ते खरं होतं. हा दुसरा घास शेवटचा ठरला, तर तो माझ्या हातचा असणार होता. आबा तोंड उघडून वाट बघत होते. आईंनी डोळे झाकून घेतले होते.

अनुज पलंगाजवळ आले. मला वाटलं, आता वाटी काढून घेतील, सोमवारचं ऑपरेशन नक्की करतील, आणि मी त्यांना अडवणार नाही. त्यांनी वाटी काढून घेतलीच. मला म्हणाले, "सरक." माझ्या जागी बापाच्या जवळ बसले, चमच्यातलं जास्तीचं श्रीखंड वाटीच्या काठाला निपटून चमचा अर्धा केला. "आबा, हनुवटी खाली," ते म्हणाले.

आबांनी हनुवटी खाली केली. घास घेतला. गिळला. पुन्हा कोरडं गिळलं. आम्ही ऐकत होतो, ठसका आला नाही. आबांनी परत तोंड उघडलं.

मी आणि आई भिंतीला टेकून उभ्या होतो. अनुज रडत होते आणि भरवत होते.